क्लिक केल्यानंतर, फाइल उघडण्याआधी

अँटिव्हायरस खरंच काम करतोय की स्क्रीनच्या कोपऱ्यात नुसतं चिन्ह होऊन बसलाय, हे पडताळायची एक बिनधोक रीत आहे. नोटपॅड उघडायचं आणि ६८ अक्षरांची एक ठरलेली ओळ त्यात टाइप करायची. एक्स, मग ५, मग कॅपिटल ओ (तिथे शून्य टाकलंत तर काहीच होणार नाही), मग उद्गारचिन्ह, पी, टक्क्याची खूण अशी ती सुरू होते. अर्थ लावायच्या भानगडीत पडू नये. फाइल सेव्ह केली की क्षणभरात सूचना येते : धोका सापडला, कारवाई केली. फोल्डरमध्ये बघावं तर फाइल गायब.

ती फाइल पूर्णपणे निरुपद्रवी असते. जुन्या डॉस प्रणालीवर चालवली तर ती एक वाक्य पडद्यावर छापते आणि गप्प बसते. आजच्या ६४-बिट विंडोजवर तर ती चालतच नाही. युरोपातल्या ‘आयकार’ या संस्थेनं ही ओळ चाचणीसाठी ठरवून दिली आणि अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी मान्य केलं, की ही दिसली की व्हायरस सापडल्यासारखं वागायचं. म्हणजे आपल्या अँटिव्हायरसनं त्या ६८ अक्षरांत कसलाही दुष्टपणा शोधून काढलेला नसतो. त्याला आधी सांगून ठेवलेलं असतं, आणि त्यानं ओळखलं.

या धंद्याचं मूळ इतकंच आहे : ओळखणं. नवा कॉम्प्युटर देताना दुकानदार सांगतो, “अँटिव्हायरस टाकून दिलाय, आता काही बघायला नको.” पण बघायला लागतं. आपण फाइलवर डबल-क्लिक करतो आणि ती उघडते, या दोहोंच्या मधल्या सेकंदाच्या तुकड्यात अँटिव्हायरसला काय दिसतं, काय दिसू शकत नाही, हे ठाऊक असलं की कोणता घ्यावा, फुकटचा की विकतचा, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

पीसीवर जगभर पसरलेला पहिला व्हायरस १९८६ सालचा, आणि तो लाहोरचा. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी तो लिहिला. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या जागेत, तो जाऊन बसायचा. नाव ‘ब्रेन’. त्यात भावांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा लिहून ठेवला होता. आजच्या खंडणीखोरांना हे वाचून हसू येईल. असा व्हायरस ओळखायला अवघड नव्हता. ठरलेल्या जागी ठरलेला मजकूर आहे का, एवढंच बघायचं. १९८९ मध्ये इंग्लंडात ‘व्हायरस बुलेटिन’ नावाचं मासिक सुरू झालं. त्यात दर महिन्याला नव्या व्हायरसांच्या खुणा, आकडे-अक्षरांच्या ओळी, छापून यायच्या आणि वाचक त्या आपल्या तपासणी-प्रोग्राममध्ये हातानं भरायचे. त्या काळचं ‘अपडेट’ ते हेच.

पुण्यातही हा धंदा दुरुस्तीच्या टेबलावरच सुरू झाला. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. ऑफिसांत कॉम्प्युटर येऊ लागले तसे तेही त्या दुरुस्तीत शिरले. धाकटे बंधू संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनपैकी पुष्कळांत बिघाड असा काही नसायचाच, व्हायरस असायचा. तेव्हा ‘मायकेलअँजेलो’ नावाच्या व्हायरसची जगभर हवा होती. त्या चित्रकाराच्या वाढदिवशी, ६ मार्चला, तो हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकायचा. १९९२ च्या मार्चात लाखो कॉम्प्युटर बसतील असे अंदाज छापून आले, प्रत्यक्षात काही हजारांवर निभावलं. मशीनची तारीखच एक दिवस पुढे ढकलून ६ मार्च चुकवायचा सल्लाही तेव्हा दिला जायचा. संजय यांनी अशा व्हायरसांसाठी साफसफाईचे छोटे प्रोग्राम लिहिले आणि त्यांतूनच पुढे अँटिव्हायरस उभा राहिला. १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी झाली, २००७ मध्ये तिचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. तालुक्याच्या गावीही कॉम्प्युटरच्या दुकानात तिची खोकी रचलेली दिसायची.

हे सगळं सांगण्यात थोडा घरचा अभिमान आहे, नाकारत नाही. पण मुद्दा वेगळा आहे. अँटिव्हायरस हा जन्मानंच दुरुस्तीवाल्याचा माल आहे. आधी कुणाचं तरी मशीन बिघडतं, मग कुणीतरी ते उघडून बघतं, खूण शोधतं, आणि ती खूण बाकीच्यांपर्यंत पोहोचते. पहिल्या माणसाला या सगळ्याचा उपयोग नसतो. फरक पडलाय तो वेळात. पूर्वी महिना लागायचा, आता मिनिटं लागतात.

आणि संख्येत. जर्मनीतल्या माग्देबुर्गची ‘एव्ही-टेस्ट’ ही संस्था अँटिव्हायरसांच्या परीक्षा घेते. तिच्याकडे रोज साडेचार लाखांहून जास्त नव्या घातक किंवा नकोशा प्रोग्रामांची नोंद होते. एवढे प्रोग्राम रोज कुणी बसून लिहीत नाही, हे उघड आहे. एकच प्रोग्राम यंत्राकडून हजार वेळा वेगवेगळ्या वेष्टनात गुंडाळून सोडला जातो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बल्गेरियातल्या ‘डार्क अ‍ॅव्हेंजर’ असं टोपणनाव घेतलेल्या एका माणसानं एक तयार इंजिनच बनवलं होतं. ते कोणत्याही व्हायरसला जोडलं की प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीपेक्षा वेगळी दिसायची. ठरलेला मजकूर शोधणारे प्रोग्राम तिथे हात टेकू लागले.

मग असा एखादा प्रोग्राम का लिहू नये, जो यादीबिदी न बघता, नुसता कोड वाचून अचूक सांगेल की हा व्हायरस आहे की नाही? हे कधीच जमणार नाही, असं फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्येच दाखवून दिलं. कोहेन तेव्हा सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत होते. अशा प्रोग्रामांना ‘व्हायरस’ हे नाव सुचवलं ते त्यांचे गुरू लेनर्ड एडलमन यांनी. कोहेन यांचा युक्तिवाद चार ओळींत मावतो. समजा, असा अचूक परीक्षक तुम्ही बनवलात. मी एक प्रोग्राम लिहितो. तो सुरू झाल्यावर सगळ्यात आधी तुमच्याच परीक्षकाला विचारतो : मी व्हायरस आहे का? परीक्षक ‘हो’ म्हणाला तर माझा प्रोग्राम काहीही न करता बंद होतो. ‘नाही’ म्हणाला तर तो पसरायला लागतो. परीक्षकानं काहीही उत्तर दिलं तरी ते चुकीचंच ठरणार. म्हणून कुठल्या खोक्यावर शंभर टक्के संरक्षणाचं आश्वासन दिसलं, तर ते जाहिरात लिहिणाऱ्यानं लिहिलंय एवढं समजून घ्यावं.

अचूक उत्तर मिळणार नाही हे मान्य केल्यावर उरतो अंदाज. आता डबल-क्लिकच्या क्षणाकडे येऊ.

अँटिव्हायरसचा एक भाग विंडोजच्या गाभ्यात बसवलेला असतो. कोणत्याही प्रोग्रामनं कोणतीही फाइल मागितली की ती मागणी आधी त्याच्या हातातून जाते. तो ती क्षणभर अडवून धरतो. पहिला प्रश्न : ही फाइल मी आधी तपासलीय का, आणि तेव्हापासून ती बदललीय का? तपासलेली असेल आणि बदललेली नसेल, तर जाऊ दे. पहिलं फुल स्कॅन तास-दोन तास चालतं आणि पुढची भराभर उरकतात, त्याचं कारण हेच. नवी असेल तर तिचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या मजकुरावर गणित करून काढलेला एक छोटा आकडा, ज्ञात घातक फाइलींच्या आकड्यांशी ताडून बघितला जातो. याला फसवणं सोपं असतं; फाइलमधलं एक अक्षर बदललं की आकडा पार बदलतो. म्हणून पुढे कोडमधले ठरावीक तुकडे शोधले जातात. फाइल वेष्टनात गुंडाळलेली असेल तर अँटिव्हायरस आपल्या स्मृतीत एक लुटुपुटीचा कॉम्प्युटर उभा करतो, त्यात ती थोडी चालवून बघतो, आणि वेष्टन सुटल्यावर आत काय निघतंय ते पाहतो. व्हायरस लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. काही प्रोग्राम सुरू झाल्यावर नुसते वेळ काढत बसतात, काही तर माउस हलण्याची वाट बघतात. लुटुपुटीच्या कॉम्प्युटरला माउस हलवायला माणूस कुठून आणायचा?

एवढं करून शंका राहिलीच, तर अँटिव्हायरस इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. ही फाइल जगात आणखी किती जणांकडे आहे? पहिल्यांदा कधी दिसली? तिच्यावर कुणाची डिजिटल सही आहे? लाखो लोकांकडे वर्षभर असलेली फाइल बहुधा ठीक असते. तासाभरापूर्वी जन्मलेली, फक्त तुमच्याकडेच असलेली, बिनसहीची फाइल संशयास्पद ठरते. आपल्याकडे एखाद्या हौशी मुलानं लिहिलेला मराठी टायपिंगचा छोटासा प्रोग्राम विंडोज उघडू देत नाही, ‘अनोळखी प्रकाशक’ म्हणून अडवतं, त्याचं कारण हे असतं. त्या प्रोग्रामात खोट असतेच असं नाही. तो फार लोकांनी वापरलेला नसतो, इतकंच. उलट बाजूनं, नेट बंद असेल तर अँटिव्हायरसची नजर बरीच मंदावते, हेही लक्षात असू द्यावं.

हे सारं पार करून फाइल उघडली तरी नजर हटत नाही. वर्डची एक साधी फाइल उघडल्या उघडल्या मागच्या मागे आज्ञा चालवणारी पॉवरशेल सुरू करतेय, असं दिसलं की अँटिव्हायरस खडबडून जागा होतो. बिलाच्या पत्राला पॉवरशेलशी काय करायचंय? एखादा प्रोग्राम डॉक्युमेंट्समधल्या शेकडो फाइली एकामागून एक उघडून न वाचता येणाऱ्या स्वरूपात परत लिहितोय, तर तो खंडणीखोर असण्याची दाट शक्यता. इथे चेहऱ्यावरून नाही, वागणुकीवरून पकडलं जातं. अडचण अशी की वागणूक दिसेपर्यंत थोडं नुकसान होऊन गेलेलं असतं. पहिल्या वीसेक फाइली गेल्यावर एकविसावी वाचते.

विंडोजमध्येच २०१७ पासून ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ नावाची एक सोय आहे. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअरच्या सदरात ती सापडते आणि सहसा बंद असते. चालू केली की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत काही लिहिताच येत नाही. जुनं अकाउंटिंगचं किंवा डीटीपीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सुरुवातीचे दोन दिवस वैताग येतो, कारण त्याच्याच प्रोग्रामची सेव्हची आज्ञा अडते आणि त्याला एकेकाची परवानगी द्यावी लागते. पण घरातले वीस वर्षांचे फोटो ज्या मशीनवर आहेत, तिथे हा वैताग सोसावा.

आपल्याकडे व्हायरसचा खरा रस्ता कित्येक वर्षं इंटरनेट नव्हताच, झेरॉक्सचं दुकान होतं. हॉलतिकिटाची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह द्यायचा, घरी येऊन लावायचा, आणि बघावं तर सगळ्या फोल्डरांच्या चिन्हावर छोटासा बाण. दुकानात परत जाऊन “दादा, तुमच्या मशीनमधून व्हायरस आला,” म्हटलं की उत्तर ठरलेलं : “आमच्याकडे नाही हो, तुमच्याच पेनड्राइव्हमध्ये होता.” हाच तो शॉर्टकट व्हायरस. त्याची करामत साधी आणि हुशार असते. तो मूळ फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा, तशाच चित्राचा एक शॉर्टकट तिथे ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे माणसाला काही वावगं जाणवत नाही. अँटिव्हायरस शॉर्टकट आणि व्हायरस उडवतो, पण पुष्कळदा लपवलेले फोल्डर लपलेलेच राहतात. पेनड्राइव्ह रिकामा दिसतो, माणूस घाबरतो, आणि कुणीतरी फॉरमॅट मारायचा सल्ला देतं. फाइली तिथेच असतात! फॉरमॅट मारण्याआधी पेनड्राइव्हवर किती जागा भरलेली दिसतेय तेवढं बघावं. आठ जीबीतले सहा भरलेले असतील तर फोटो गेलेले नाहीत. फोल्डरच्या सेटिंगमध्ये लपवलेल्या आणि सिस्टिम फाइली दाखवायला सांगितलं की ते दिसू लागतात.

तिथेच आणखी एक सेटिंग असतं, फाइलच्या नावाचं शेपूट दाखवण्याचं. विंडोज ते मुद्दाम झाकून ठेवतं. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ व्हायरस त्या झाकण्यावरच जगभर फिरला. ईमेलसोबतची फाइल दिसायला साधं टेक्स्ट-पत्र होती, खरं शेपूट ‘व्हीबीएस’ होतं, म्हणजे चालणारा प्रोग्राम. लोकांना प्रेमपत्र दिसलं. पंचवीस वर्षं उलटली तरी तीच युक्ती आजही चालते, फक्त प्रेमपत्राच्या जागी लग्नाची पत्रिका किंवा वाहनाचं ई-चलान आलंय. शेपूट दाखवायचं सेटिंग चालू करायला दहा सेकंद लागतात आणि माझ्या मते ते कोणत्याही विकतच्या अँटिव्हायरसइतकंच मोलाचं आहे.

आता थोडं अप्रिय. पुष्कळ घरांत आणि छोट्या ऑफिसांत फोटोंचं, डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून घातलेलं असतं. त्या क्रॅकसोबत एक सूचना-फाइल येते आणि तिची पहिलीच ओळ असते : इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. ही ओळ वाचून ज्याच्या मनात काही खटकत नाही, त्याला कोणताही अँटिव्हायरस वाचवू शकत नाही. गंमत अशी, की अँटिव्हायरस क्रॅकला अडवतो तेव्हा तो क्रॅक दर वेळी चोर असतोच असं नाही. नुसतं लायसन मोडणारं हत्यार म्हणूनही त्याची नोंद असते. चार वेळा ‘काही होत नाही’ असा अनुभव आला की माणूस पाचव्या वेळी डोळे झाकून परवानगी देतो, आणि पाचव्यात पासवर्ड चोरणारा बसलेला असतो. तो गाजावाजा करत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड उचलून मिनिटभरात निघून जातो. पासवर्ड घातलेली झिप फाइल हीही त्याच जातीतली युक्ती आहे. पासवर्ड ईमेलमध्ये लिहिलेला असतो, म्हणजे तो तुम्हाला कळतो, अँटिव्हायरसला कळत नाही, आणि बंद झिपच्या आत काय आहे ते त्याला वाचताच येत नाही.

काही हल्ल्यांत तर क्लिकच नसतं. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ आला. विंडोजमधल्या एका भोकातून तो नेटवर्कवरच्या एका मशीनमधून दुसऱ्यात स्वतःहून शिरत होता. कुणी काही उघडायची गरजच नव्हती. सुमारे दीडशे देशांत तो पोहोचला, ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयं अडली, आंध्र प्रदेश पोलिसांचे कॉम्प्युटरही सापडले. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलेलं होतं. जवळजवळ दोन महिने लोकांनी ‘रिमाइंड मी लेटर’ दाबलं. आज हाच प्रश्न विंडोज १० बद्दल आहे. त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनवरचा अँटिव्हायरस नव्या खुणा घेत राहील, पण खालच्या जमिनीला पडणारी नवी भोकं बुजणार नाहीत. हजार रुपये अँटिव्हायरसच्या नूतनीकरणाला घालण्याआधी, मशीन विंडोज ११ पेलतं का किंवा मायक्रोसॉफ्टची जादा मुदतीची अपडेट्स घेता येतात का, ते बघावं.

वॉनाक्रायनंतर दीड महिन्यातच, २७ जून २०१७ ला, ‘नॉटपेट्या’ आला. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच हल्लेखोरांनी तो घुसवला होता. म्हणजे ज्या फाइलवर सगळ्यांचा विश्वास, तिच्यातूनच. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं त्यानं पार झोपवलं आणि न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं कामही अडकलं. मर्स्कला दहा दिवसांत ४५,००० पीसी आणि ४,००० सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले. त्यातही एक गोष्ट अशी की तिच्या जाळ्यातली सगळी ओळखपाळख सांभाळणाऱ्या सर्व्हरांच्या प्रती एकूण एक पुसल्या गेल्या होत्या, आफ्रिकेतल्या घानामधली एक सोडून. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती! भारनियमन कुणाच्या उपयोगी पडल्याचं मला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण. बॅकअपबद्दल जे सांगायचं ते यात आलं : जी प्रत जोडलेली नाही, ती वाचते. बाहेरची हार्ड डिस्क आठवड्यातून एकदा लावायची, प्रत घ्यायची आणि काढून कपाटात ठेवायची. कायम लावून ठेवलेली डिस्क खंडणीखोराला आणखी एक ड्राइव्ह म्हणून दिसते.

अँटिव्हायरसचाही हात कधी चुकतो, आणि तो गाभ्यात बसलेला असल्यामुळे त्याची चूक साधी नसते. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवून काढून टाकली आणि मशीन पुन्हापुन्हा बंद होऊन सुरू व्हायला लागली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटनं तर मायक्रोसॉफ्टच्या हिशेबानं ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर आणून ठेवली. ते घरगुती अँटिव्हायरस नव्हे, कंपन्यांसाठीचं संरक्षण होतं, पण बसण्याची जागा तीच. आपल्याकडे विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. एका मशीनवर दोन अँटिव्हायरस चालवू नयेत, त्यामागचं कारणही या जागेशीच जोडलेलं आहे. दोघंही एकच मागणी अडवून धरतात, एकमेकांनी वेगळ्या काढलेल्या फाइली एकमेकांना संशयास्पद वाटतात, आणि मशीन कासवगतीनं चालतं.

फुकट की विकत? विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आतच असतो, आणि स्वतंत्र परीक्षांत तो आता विकतच्यांच्या बरोबरीनं गुण मिळवतो. पूर्वी तो तसा नव्हता, म्हणून ‘डिफेंडर काही कामाचा नाही’ ही समजूत अजून टिकून आहे. माझ्या मते साध्या घरगुती वापराला तो पुरतो. विकतचा घ्यावा तो मुलांवर लक्ष, बँकिंगसाठी वेगळी खिडकी किंवा अडलं तर मराठीत-हिंदीत फोनवर बोलायला माणूस, अशा सोयी हव्या असतील तर. तिसऱ्या जातीचा, म्हणजे फुकट पण अनोळखी, नकोच. सगळ्या फाइली आणि सगळी वेबपानं बघण्याची परवानगी आपण ज्याला देतो, तो ती माहिती कुठे नेतो हे विचारायला हवं. अव्हास्ट ही तर नावाजलेली कंपनी. तिनं वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्या उपकंपनीमार्फत विकल्याचं उघड झालं, २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करावी लागली आणि पुढे अमेरिकेच्या व्यापार आयोगानं १ कोटी ६५ लाख डॉलरचा भुर्दंड बसवला.

आणि मग असे प्रकार, ज्यांत अँटिव्हायरस पूर्ण जागा असूनही गप्प राहतो. फोन येतो, पलीकडचा माणूस बँकेतून किंवा ‘मायक्रोसॉफ्टमधून’ बोलतोय म्हणतो, आणि दूरवरून मशीन हाताळायचं एक ॲप टाकायला सांगतो. ते ॲप खरं असतं, सहीचं असतं, लाखो ऑफिसांत रोज वापरलं जातं. अँटिव्हायरसला त्यात ओळखण्यासारखं काही नसतंच. आपण आपल्या हातानं टाकलेलं, आपल्या हातानं परवानगी दिलेलं. ब्राउझरमध्ये अचानक उघडणारी ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १३ व्हायरस सापडले’ अशी लाल पाटी हाही त्यातलाच प्रकार. ते नुसतं वेबपान असतं. टॅब बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करावा, आणि पाटीवरच्या नंबरला फोन करू नये.

एवढं करूनही मशीनला लागण झालीच, तर आधी वाय-फाय तोडायचं किंवा केबल काढायची. डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ असतं. ते मशीन पुन्हा सुरू करून, विंडोज पूर्ण उभं राहण्याआधीच तपासणी करतं, त्यामुळे लपून बसलेल्यांना लपायला जागा उरत नाही. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’कडूनही साफसफाईची साधनं फुकट मिळतात. फाइलींवर खंडणीचं कुलूप पडलं असेल तर पैसे भरण्याआधी ‘नो मोअर रॅन्सम’ या प्रकल्पाकडे बघावं. युरोपोल, डच पोलीस आणि अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये तो सुरू केला आणि काही जुन्या कुलपांच्या किल्ल्या तिथे विनामूल्य ठेवलेल्या आहेत. नव्या कुलपाची किल्ली आज नसेल, पण फाइली पुसू नयेत. कधीकधी वर्षभरानं ती निघते. बँकेतले पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येते ती पहिल्या काही तासांतच. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदलावेत, ईमेलचा सगळ्यात आधी, कारण बाकी सगळे पासवर्ड त्याच्याच वाटेनं बदलता येतात. विंडोज नव्यानं टाकून घ्यावं, ते अपडेट करावं आणि मगच कपाटातली डिस्क काढून जोडावी.